डाव्या इंजिनाचा आवाज

देवपूर, धुळे
२ जानेवारी २०२५

चि. योगराजभाऊजी यांस ज्योत्स्नावहिनीचे आशीर्वाद.

आम्ही दोघे ठीक आहोत. तुम्हीही ठीक असाल असे धरून चालते, कारण विचारायची सोय तुम्ही ठेवलेली नाही. माझा फोन तुम्ही उचलत नाही आणि मोबाईलवर पाठवलेले न वाचताच पुसता, हे मला पुनमकडून कळले. तिला रागावू नका. मी दटावून विचारले, तेव्हा पोरीने सांगितले. म्हणून कागद घेतला आहे. जन्मभर फळ्यावर लिहिले, अक्षर अजून वाचता येते. हाताने लिहिलेला कागद न वाचता फेकून देणारे तुमचे घराणे नाही, एवढा भरवसा आहे.

पुनमच्या लग्नाची पत्रिका मिळाली. छपाई चांगली आहे. कुरिअरवाला गेटवरूनच आत टाकून गेला. सख्ख्या मोठ्या भावाला पत्रिका कुरिअरने. त्याविषयी मला आज काही लिहायचे नाही.

काम वेगळे आहे. तुमच्याकडे टॅकोमीटर आहे, इंजिनाच्या पंख्यासमोर धरले की मिनिटाला किती फेरे होतात ते दाखवणारे. ते हवे आहे.

नाना विमान बांधताहेत. तुम्हाला नवल वाटायचे कारण नाही. निवृत्त झाल्यापासून एका वेळी एक तरी अर्धवट विमान घरात असतेच. सगळी रिमोटवर उडणारी, पण या वेळचे दोन इंजिनांचे आहे. तुम्ही दोघे कॉलेजच्या दिवसांपासून ज्याच्या गप्पा मारत होतात, तेच. सगळे हाताने केलेले. पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत आपल्या दिवाणाहून हातभर लांब आहेत. दिवाळीपासून जेवणाचे टेबल त्यांच्याकडे आहे आणि आम्ही पाटावर जेवतो. पडद्यांना इंधनातल्या मिथेनॉलचा आणि एरंडेलाचा वास लागला आहे. मी तक्रार करत नाही, माहिती देते आहे.

उजवे इंजिन त्यांचे आहे. डावे तुमचे. तुम्ही दोघांनी एकाच दिवशी एकाच दुकानातून घेतलेली जोडी, तुमचे इथेच पडून होते. त्यांनी तुम्हाला विचारले नाही, म्हणून मी कळवते. नको असेल तर सांगा, काढून पाठवू. डाव्या पंखात भोक राहील, इतकेच.

आता एक गोष्ट लिहूनच टाकते, नाहीतर पत्र खोटे वाटेल. पुनमच्या सुपारीला जे झाले ते सगळ्यांनी पाहिले. भरल्या हॉलमध्ये तुम्ही हात जोडून विचारलेत, ‘नाना, तुमची परवानगी असली तर सुपारी फोडू का?’ दोनदा विचारलेत. नाना भिंतीवरच्या पंख्याकडे बघत बसले आणि मग उठून बाहेर गेले. वरपक्षाची माणसे एकमेकांकडे बघू लागली. शेवटी सुपारी मुलीच्या मामाने फोडली. मी आत बायकांबरोबर ताटे लावत होते. बाहेर येईपर्यंत सगळे होऊन गेले होते. यातले काहीही मी नाकारत नाही. तुम्हाला राग आला तो रास्त होता. मी एवढेच म्हणते की राग आला म्हणजे कारण कळले, असे होत नाही.

तेवीस फेब्रुवारीला तुमच्या एकुलत्या एका मुलीचे लग्न आहे. त्या दिवशी तुमचा एकुलता एक भाऊ कुठे असेल, हे तुम्हाला माहीत नाही आणि मलाही माहीत नाही. ही स्थिती मला चालण्यासारखी नाही.

मीटर जळगाव-धुळे गाडीच्या कंडक्टरकडे द्या. सोबत निरोप दिला नाहीत तरी चालेल.

दिपमालाला आशीर्वाद. सासू होण्याच्या धांदलीत तिने गुडघ्यांकडे दुर्लक्ष करू नये. तुमच्या जळगावच्या जिन्याला कठडा लावा.

ज्योत्स्ना


देवपूर, धुळे
१९ जानेवारी २०२५

चि. योगराजभाऊजी यांस आशीर्वाद.

मीटर पोहोचले. खोक्यात वर्तमानपत्राची गुंडाळी होती, नवे सेल होते आणि चिठ्ठी नव्हती. सेल आठवणीने घातलेत, त्याअर्थी सगळेच संपलेले नाही अशी मी नोंद घेतली आहे.

तुमचा टोमणाही पुनमकरवी पोहोचला. ‘नानाला मीटर कधीपासून लागायला लागलं?’ प्रश्न चांगला आहे. उत्तर देत नाही.

मीटर नानांच्या समोर ठेवले. ‘कोणाचं?’ म्हणाले. ‘तुमच्या भावाचं,’ मी म्हटले. उचलले, उलटसुलट करून पाहिले, सेलचे झाकण उघडून परत लावले आणि फडताळात ठेवून दिले.

‘हे कशाला मागवलंस? मला कान आहेत.’

एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये तुमचे नाना काय होते ते मी तुम्हाला सांगायला नको. गाडी गेटातून आत येतानाच, बॉनेट उघडायच्या आधी, कुठे काय बिघडले ते सांगायचे. ड्रायव्हर पैज लावायचे आणि हरायचे. त्या माणसासमोर मी मीटर ठेवले, त्यांना लागले. मी गप्प बसले. मी किती वेळा गप्प बसते ते तुम्हाला ठाऊक आहे.

संक्रांत झाल्यावर विमान जीपमध्ये घालून आम्ही भडगावला शेतावर गेलो. कापसाची पऱ्हाटी उपटून झाली आहे. सुपडूने रस्त्याकडेचा पट्टा वखरून, वर फळी फिरवून असा सपाट केला होता की तिथे पंगत बसवावी. सुपडू आपला सालदार कमी आणि मालक जास्त झाला आहे, पण कामाला खोट नाही. विमानाभोवती एक फेरी मारून त्याने विचारले, ‘अक्का, इमानले दोन इंजन कसाले? एक बंद पडनं ते दुसरं कामले येवाले का?’

‘उलट आहे,’ मी म्हटले. ‘एक बंद पडलं तर दुसरंच त्याला पाडतं. चालू इंजिन ओढत राहतं, विमान बंद बाजूला गर्रकन वळतं आणि उलटं होतं.’

‘मंग एकच बरं व्हतं,’ सुपडू म्हणाला. त्याचे म्हणणे नानांनी ऐकले असते तर त्याला तिथल्या तिथे व्याख्यान मिळाले असते. नाना पाठमोरे टाकी भरत राहिले.

पुढे काय झाले ते नीट लिहिते. इंजिन कसे लावायचे हे तुम्ही मला शिकवलेत, मी तुम्हाला नाही. तरी एकेक पायरी लिहिते, म्हणजे जसे घडले तसे तुमच्यासमोर राहील.

सुपडूने शेपटी धरली. नानांनी आधी उजवे इंजिन एकटेच चालू केले. पूर्ण वेगावर नेले आणि इंधनाची सुई हळूहळू आत फिरवली. इंधन कमी होत गेले, इंजिन जास्त पळायला लागले, आवाज चढला. जिथे आणखी चढेना तिथे थांबून त्यांनी सुई थोडी मागे घेतली. धुराची रेघ परत दिसू लागली. आवाज भरदार झाला. बरोबर. ती मागे घेतलेली सुई हाच विमानाचा जीव, असे तुम्हीच म्हणायचात; नाक वर झाले की टाकीतून इंधन कमी येते, तेव्हा हातचे राखलेले असावे लागते.

मग उजवे बंद करून डावे. डाव्याचा आवाज चढला, टोकाला गेला. नाना थांबले नाहीत. सुई आणखी आत घेतली. ‘मंद आहे,’ म्हणाले. मग आणखी आत. ‘अजून मंद आहे.’ धूर केव्हाच बंद झाला होता.

नंतर दोन्ही एकदम चालू केली. दोन इंजिनांचे फेरे जरा वेगळे असले की आवाज वाँव-वाँव असा वरखाली होतो. मी वर्गात दोन नादकाटे वाजवून हेच शिकवत असे, पुस्तकात त्याला विस्पंद म्हणतात. तुम्ही दोघे त्याला झोका म्हणायचात. लांबच्या खोलीतून नानांना झोका ऐकू यायचा आणि ते तिथून ओरडायचे, ‘योग्या, जुळलं नाही अजून.’ त्या दिवशी शेतात झोका होता. चांगला मोठा, मोजता येईल असा.

नानांनी माझ्याकडे बघून अंगठा वर केला. जुळले.

मी हाताने नाही नाही केले. त्यांनी दुसरीकडे पाहिले. सुपडूने शेपटी सोडली.

विमान सरळ धावले, वेग घेतला, आणि पट्ट्याच्या मध्यावर डावे इंजिन खट्कन बंद पडले. उजवे ओढतच होते. विमान डावीकडे गोल फिरले आणि शेजारच्या तुरीत घुसले. चाकांचा सांगाडा वाकला, डाव्या पंखाचे टोक फाटले. अजून जमिनीवरून उठले नव्हते म्हणून एवढ्यावर निभावले. हवेत हेच झाले असते तर गोळा करायला पोते न्यावे लागले असते.

‘योगराजचं इंजिन,’ नाना म्हणाले. ‘त्याच्यासारखंच. ऐन वेळेला पाठ फिरवतं.’

तुमच्या इंजिनाचा काही दोष नाही, हे मी तुम्हाला लेखी देते. घरी आणून उघडून पाहिले, आत सगळे जागेवर आहे. ते कोरडे पडून तापले आणि बंद पडले. बंद पडण्याआधी ते किंचाळत होते. मला ऐकू आले. सुपडूला ऐकू आले, त्याने दात दाबून कानावर खांदा चढवला होता. बांधापलीकडे झुंबरबाई तुरीच्या शेंगा तोडत होती, ती उभी राहून बघू लागली होती.

परत निघताना सुपडूने मला बाजूला घेतले. ‘अक्का, मी हाका मारी मारी थकनू. नाना वळतसच नही.’

यापुढचे लिहायचे नाही असा मी एका माणसाला शब्द दिला आहे आणि शब्द मोडायची मला सवय नाही. पण मी भौतिकशास्त्र शिकवले आहे. निरीक्षणे वर दिली आहेत. निष्कर्ष तुमचा तुम्ही काढा.

ज्योत्स्ना


देवपूर, धुळे
१६ फेब्रुवारी २०२५

प्रिय योगराजभाऊजी,

तुमचे कार्ड मिळाले. एकच ओळ. ‘वहिनी, नानाला ऐकू येत नाही का?’

असे पोस्टकार्डावर लिहायचे असते का? पाकीट मिळाले नाही? पोस्टमन आला तेव्हा मी आंघोळीला गेले होते. कार्ड नानांच्याच हातात पडले.

मी बाहेर आले तर ते टेबलाशी, विमानाच्या पंखाला टेकून बसले होते. कार्ड माझ्याकडे सरकवले.

‘तू सांगितलंस.’

‘मी इंजिनाबद्दल लिहिलं. दुसरं अक्षर लिहिलं नाही. हवं तर पत्र मागवून घ्या.’

‘मग त्याला कळलं कसं?’

‘आवाजावरून दोष ओळखायला त्याला कोणी शिकवलं?’

ते हसले नाहीत. पण उठूनही गेले नाहीत. कार्ड परत आपल्याकडे ओढून म्हणाले, ‘लिही त्याला. सगळं लिही. माझ्याच्याने व्हायचं नाही.’ म्हणून लिहिते आहे. आता मला परवानगी आहे.

होय. नानांना ऐकू येत नाही. एकदम गेलेले नाही. वर्कशॉपच्या आवाजाने वर्षानुवर्षे झिजत गेले आहे. आधी बारीक, चढे आवाज गेले: कुकरची शिट्टी, बायकांचे बोलणे, फोनवरचे माणूस. जाड आवाज अजून येतात. म्हणून ट्रक गेलेला कळतो आणि मी बोललेले कळत नाही. मी समोर असले तर ते माझ्या ओठांवरून ओळखतात, आणि इतक्या वर्षांच्या संसारात मी काय बोलणार ते त्यांना तसेही माहीत असते. म्हणून घरात निभावत होते. डावा कान जास्त गेला आहे. इंजिन किंचाळत होते तो सगळा आवाज चढा होता, तो त्यांच्यापर्यंत आलाच नाही. त्यांना फक्त खालची घरघर ऐकू येत होती, म्हणून ते ‘मंद आहे’ म्हणत सुई आत घेत राहिले.

आता सुपारीचे. त्या हॉलमध्ये कूलर चालू होते आणि गाणी लागली होती. तुम्ही खिडकीकडे पाठ करून उभे होतात, तुमचे तोंड अंधारात. नानांना एवढे दिसले की तुम्ही कोणाला तरी हात जोडताहात. पाहुण्यांना नमस्कार करत असाल असे वाटले. मग दिसले की सगळा हॉल आपल्याकडे बघतो आहे. नुकते पोहे झाले होते. मिशीला काहीतरी चिकटले आहे म्हणून लोक बघताहेत, असे समजून ते तोंड धुवायला गेले. चांगली घासून धुतली मिशी. परत आले तर सुपारी फुटलेली.

तुम्ही काय विचारले होतेत ते मी त्यांना परतीच्या गाडीत, पारोळ्याच्या अलीकडे, समोरच्या सीटवर वळून बसून सांगितले.  पारोळा गेल्यावर त्यांनी कोणाला सांगायचे नाही असे माझ्याकडून वचन घेतले. मी म्हटले, भाऊजींना आत्ता फोन लावते, दोन वाक्यांत मिटेल. तर म्हणाले, ‘खडूस म्हटलेलं चालेल. बहिरा म्हणायला नको.’

मला तेव्हा संताप आला होता. नंतर त्यांनी तुमच्या तोतारामकाकांचे सांगितले, तेव्हा जरा कळले. मी लग्न होऊन आले तेव्हा काका नव्हते, त्यामुळे त्यांना ऐकू येत नसे हे मला माहीत नव्हते. पंगतीत वाढपी त्यांना विचारायचा नाही म्हणे, पानात टाकून पुढे जायचा. त्यांच्या देखत लोक त्यांच्याबद्दल बोलायचे. आणि तुम्ही दोघे भाऊ मागे उभे राहून ‘काका, खिशात साप’ म्हणायचात आणि काका हसून मान डोलवायचे. ‘आम्ही दोघांनी काय केलं ते मला माहीत आहे,’ नाना म्हणाले. ‘आता योगराजच्या तोंडाकडे बघून मी मान डोलवू का?’

हे तुम्हाला लिहावे की नाही याचा मी विचार केला. त्यांनी सगळे लिही म्हटले आहे, म्हणून लिहिले.

तुमचे कार्ड वाचल्यावर त्यांनी मला विचारले, ‘नक्की शब्द काय होते त्याचे?’ मी सांगितले. ‘नाना, तुमची परवानगी असली तर सुपारी फोडू का?’  मग ते ‘हो’ म्हणाले. मला नव्हे, तुम्हाला. उशीर झाला आहे, पण पोहोचवते.

आता विमानाचे. ते राहूनच जात होते.

चाके सरळ केली, पंखाला ठिगळ लावले आणि गेल्या रविवारी परत भडगावला गेलो. या वेळी मी अट घातली: कान माझे, डोळे आणि हात तुमचे. मीटर त्यांनी स्वतः फडताळातून काढून आणले. मी विमानासमोर, पंख्यापासून लांब, त्यांना दिसेन अशी उभी राहिले. आवाज चढतो आहे तोवर हात वर नेत जायचा. चढायचा थांबला की मूठ. मूठ दिसली की त्यांनी सुई मागे घ्यायची. आवाज जरा उतरला आणि धूर दिसला की मी हात खाली; मीटरवर आकडा उतरलेला त्यांनाही दिसायचा. इतकेच. एवढ्याशा गोष्टीसाठी आम्ही वर्षभर घरात चोरासारखे वागत होतो.

डावे सहज लागले. तुमचे इंजिन शहाणे आहे. मग दोन्ही चालू केली. झोका आला. मी हाताने झोका दाखवला तर त्यांना हसू फुटले, सुईवरचा हात हलला आणि परत लावावे लागले. उजवे जरा जास्त पळत होते. मला वाटले डाव्याला थोडे पुढे ढकलावे. नानांनी मान हलवली. मागे पडलेल्याला कधी ढकलायचे नाही, पळणाऱ्याला मागे घ्यायचे. उजव्याची सुई त्यांनी केसभर बाहेर घेतली. झोका लांबत गेला, आणखी लांबला आणि मग राहिलाच नाही. दोन इंजिने आहेत हे डोळे मिटले तर कळू नये, असा एक आवाज. मी दोन्ही हात आडवे धरले. ते बराच वेळ माझ्या हातांकडे बघत राहिले.

सुपडूने नाक आभाळाकडे करून विमान उचलून धरले, तरी आवाज पडला नाही. मग उडवायचे ठरले.

हवेत काही झाले तर त्यांना कळणार नाही, म्हणून मी त्यांच्या पाठीशी उभी राहिले, दोन्ही खांद्यांवर हात ठेवून. डावे इंजिन बिघडले तर डावा खांदा दाबायचा, उजवे तर उजवा. दाबला की त्यांनी लगेच दोन्हींचा वेग कमी करायचा आणि समोर जशी जमीन असेल तसे उतरवायचे. भर शेतात नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून मी उभी, बांधावर झुंबरबाई आणि चार-सहा शेजारी. आजवर चारचौघांत आम्ही कधी हात धरून चाललो नाही. नाइलाज होता.

विमान पट्ट्याच्या मध्यावर उचलले. तुरीवरून गेले, विहिरीवरून गेले, गिरणा नदीच्या बाजूला वळले आणि परत आले. सांगते तुम्हाला, चांगले दिसते. पंख लांब आहेत त्यामुळे घाई करत नाही. दोन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीला त्यांनी नाक वर घेतले आणि डाव्याचा आवाज चढला, त्या दिवशीसारखा कोरडा. मी डावा खांदा दाबला. मला वाटते जरुरीपेक्षा जास्तच दाबला, दुसऱ्या दिवशी वळ होता.

त्यांनी विचारले नाही. वळून पाहिले नाही. वेग खाली, नाक खाली. डावे इंजिन दोनदा अडखळले आणि इंधन मिळाले तसे परत धरले. दोन्ही चालू असताना विमान पट्ट्यावर उतरले आणि धावत येऊन आमच्यापासून थोड्या अंतरावर थांबले. मी सुपडूच्या पाण्याच्या कॅनवर बसले. नंतर उघडून पाहिले तेव्हा कळले, त्या आधीच्या धडकेत डावी टाकी बोटभर मागे सरकली होती. आता पक्की बसवली आहे.

शेजारी गोळा झाले. त्यातले एक आबा म्हणाले, ‘नाना, कान बाकी तिखट आहे तुमचा. इंजिन चुकलं की लगेच खाली घेतलं.’

आबा त्यांच्या अगदी समोर उभे होते. नानांना सगळे कळले. आणि मला वाटले, आता हे मान डोलवतील आणि हसतील.

‘मला ऐकू येत नाही,’ नाना म्हणाले. जरा मोठ्याने म्हणाले, त्यांना स्वतःचा आवाज नीट कळत नाही. ‘हिने सांगितलं म्हणून वाचलं.’

 मग सुपडू म्हणाला, ‘ते बठ्ठासले माहीत शे, नाना. चला, चहा टाकेल शे.’ म्हणजे सगळ्यांना आधीच माहीत होते. आणि सगळे चहाला गेले. एवढेच झाले. ज्याला आम्ही इतके घाबरलो ते एवढेच होते.

दुसऱ्या दिवशी ते आपण होऊन माझ्याबरोबर कानाच्या डॉक्टरकडे आले. तपासणी झाली. यंत्र बसवता येईल, बराच फरक पडेल असे डॉक्टर म्हणाले. पण ते लग्नाआधी मिळणार नाही. परतताना नाना म्हणाले, ‘योगराजला लिही, त्याचं इंजिन चांगलं आहे. मीच चुकीचं लावलं होतं.’ हे त्यांचे शब्द आहेत. यातून तुम्हाला जे समजून घ्यायचे ते घ्या, याहून जास्त ते बोलायचे नाहीत.

मला आता बरे वाटते आहे. काल दुपारी जेवण झाल्यावर आडवी झाले आणि दिवेलागणीला उठले. असे कधी झाले नव्हते. नाना दारात उभे राहून बघत होते मला काय झाले म्हणून. मी म्हटले, काही नाही, झोप लागली.

आम्ही हळदीच्या आदल्या दिवशी दुपारच्या गाडीने येतो. पाटावर, मांडवात, जिथे मोठ्या भावाची जागा असेल तिथे ते बसतील. माझी एकच सूचना आहे आणि ती घरातल्या सगळ्यांना सांगा. त्यांना पाठीमागून हाक मारू नका. ओरडू तर नकाच. ओरडणाऱ्याचे ओठ कळत नाहीत, राग तेवढा कळतो. समोर या, तोंडावर उजेड पडेल असे उभे राहा, आणि तुम्हाला जे म्हणायचे असेल ते सावकाश म्हणा. त्यांना दिसेल.

तुमची वहिनी,
ज्योत्स्ना